स्टो वाढला

सांगली, खणभाग
रविवार, ता. ४ मार्च १९४५

तीर्थस्वरूप अक्का हिस,
धाकट्या नाथाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तू वर 'श्री' घालतेस आणि मी घालत नाही, हा आपला जुना करार. या खेपेला त्यावरून भांडण नको. पिठात बोट फिरवून 'ग' गिरवणारी माझी अक्का आता कार्डाच्या दोन्ही बाजू भरून लिहिते, आणि कडेच्या कोऱ्या पट्टीत मला रागेही भरते. याहून मोठा 'श्री' मला ठाऊक नाही. वडूजच्या मोटारीनं पाठवलेलं हुलग्यांचं गाठोडं मिळालं. अंजना आणि मी खुशाल आहोत.

शालूची सुपारी फुटली त्या दिवशीची बैठक अजून डोळ्यांपुढे आहे. शालूच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, खंडाळ्याच्या लालासाहेबांनी, मिशीवर हात ठेवून घातलेली अट सगळ्या वडूजनं ऐकली आहे. "भटजीबिगर लगीन करू, माझी ना न्हाई. पर नाथाजीराव सोता उभं राहून बोलनार असतील तरच. न्हाईतर खंडाळ्याची मानसं म्हनतील, पोरगं मुक्यानंच उजवलं." पलटणीत सुभेदारी केलेला माणूस, एकदा बोलला की बोलला. मी तिथंच शब्द दिला. मामा मांडवात उभा राहील, नवरानवरीच्या शपथा सांगेल, आणि असं बोलेल की मंगलाष्टकांची कुणाला आठवण होणार नाही. तू विचारतेस, भाषणाची तयारी कुठवर आली आणि आठ दिवस आधी येतोस ना. वैशाखाला अजून अवकाश आहे. त्याबद्दल पुढे लिहीन.

आता घरची बातमी. तू दिलेला स्टो मोडला.

भाषणांपायी माझी शाळेतली नोकरी गेली आणि आम्ही सांगलीला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा तू साताऱ्याच्या बाजारातून तो पितळी स्टो आणून अंजनाची ओटी भरली होतीस. नारळाच्या जागी स्टो. बायका हसल्या होत्या. त्या स्टोवर आमचा संसार उभा आहे, कारण माडीची जमीन लाकडी, आणि घरमालकाची पहिली अट ही की वर चूल पेटवायची नाही.

परवा सकाळी तो फुरफुरायला लागला. अंजना म्हणाली, दुरुस्तीला रमजानकडे न्या. मी म्हटलं, यंत्र आहे. समजून घेतलं की दुरुस्त होतं. वाफेच्या इंजिनावर मी एक अख्खं पुस्तक वाचलेलं आहे. मग बर्नरचं भोक साफ करायची पिन घेतली आणि टेबलावर मूठ आपटावी तशी मारली. पिन आत मोडली. ती काढायला दाभण घातला, तर बर्नरला चीर गेली. आता पंप मारला की ज्योत वर जायच्या ऐवजी आडवी सुटते, आणि एकदा तर माझी बाहीच धरली होती.

अंजना जवळ आली, स्टोकडे पाहिलं, म्हणाली, "वाढला."

अक्का, तू मला ओळखतेस. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. तुमच्या राज्यात दिवा विझत नाही, वाढतो. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडायचा, तोही वाढवायचा. अशुभ म्हणून जे खरं आहे ते तोंडातून निघू द्यायचं नाही! जो समाज मोडलेल्या वस्तूला मोडली म्हणायला भितो, त्याला आपलं पिढ्यान्‌पिढ्या काय मोडत आलं आहे ते दिसणार कसं? इंग्रज असो, सावकार असो, घरातला जुलूम असो, आधी त्याचं खरं नाव तोंडानं घ्यावं लागतं. हे सगळं मी अंजनाला ऐकवलं, बसल्या घशानं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मोडला म्हनल्यानं सांधनार हाय का? मग वाढला म्हनू द्या की. त्यात कुनाचं काय जातंय."

सध्याची व्यवस्था अशी. खाली अख्तरबी राहते, तांबोळ्याची बायको. तिच्या चुलीवर अंजना सकाळी दोन्ही घरच्या भाकरी थापते, आणि माझ्यासाठी पेजेचं पातेलं रटरटवून वर आणते. ते गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवते. दुपारपर्यंत पेज कोमट राहते, संध्याकाळी गार. अंघोळीचं पाणी गच्चीवर उन्हात तापतं. कोळशाची शेगडी करून पाहिली, पण कोळसा सोन्याच्या भावानं झाला आहे आणि धुरानं मला खोकला सुटतो. नव्या स्टोचं नाव काढायला नको. कागद मिळत नाही म्हणून आमचं साप्ताहिक बंद पडलं हे तुला ठाऊकच आहे. आता छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासतो; तिथं जे मिळतं त्यात खोलीभाडं आणि रेशन निघतं. तू काही पाठवू नकोस. तुझं लग्नघर आहे.

मला अलीकडे भाकरीपेक्षा पेजच बरी वाटते. वय झालं असेल. तासगावच्या सभेला गेलो नाही, हे तुझ्या कानावर आलं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस. पडशानं घसा धरला आहे. सुटेल.

दाजींना नमस्कार. शालूला आशीर्वाद, आणि सांग की सासरी जाताना पुस्तकांची पेटी पहिली गाडीत ठेवायची, भांडी मागाहून.

तुझा, पिनेशी हरलेला,
नाथा

—

सांगली
रविवार, ता. २५ मार्च १९४५

तीर्थस्वरूप अक्का,
साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे.

डिंकाचे लाडू आले. ज्येष्ठमधाची मुळी आली. अडुळशाचा पाला आला, तो वाटेत निम्मा वाळला होता तरी अंजनानं त्याचा काढा केला. लाडू फार खमंग झाले आहेत असं अख्तरबीच्या मुली म्हणतात. मला गोड नकोसं झालं आहे, म्हणून त्यांना दिले. रागावू नकोस.

तू लिहितेस की आपल्या आबांचाही आवाज असाच एका उन्हाळ्यात बसला होता आणि हळददुधानं सुटला. आबा शेतावरून हाक मारायचे ती वेशीत ऐकू यायची, ते मला आठवतं. माझ्यात ते त्यांचंच आलं आहे. ध्वनिक्षेपकाशिवाय चार-पाच हजार माणसांपर्यंत पोचणारा गळा मी कमावला नाही, तो मला त्या रानातून मिळाला. म्हणून त्याच्याबद्दल मी कधी गर्व केला नाही असं म्हणणार होतो. पण तुझ्याशी खोटं कशाला? केला.

स्टोचं अजून जमलेलं नाही. रमजान म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा पत्र्याचा कारागीर. डबे झाळतो, कंदील सांधतो, स्टो खोलतो. दुकानात स्टोची नुसती धडं ओळीनं मांडून ठेवली आहेत, वर डोकी नाहीत. बर्नर विलायतेहून यायचे, ते लढाईनं बंद झाले. इथलं पितळ काडतुसांत जातं. मी दर आठवड्याला जातो आणि तो दर आठवड्याला तेच सांगतो, "हिटलर मरू दे साहेब, दुसऱ्या दिवशी बर्नर देतो." जणू काही तो माणूस माझ्याच स्टोवर बसून राहिला आहे.

मग मी मिरजेला गेलो. तिथं एक मोठा कारागीर आहे असं कळलं होतं, परदेशात शिकून आलेला. माणूस थोड्या बोलण्याचा. त्यानं उजेडाकडे तोंड करून धरलं, आरसा आत घालून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाला, बिघाड गळ्याशीच आहे आणि तो वाढत जाणारा आहे. गळ्याचा तो भाग कापून काढला तर बाकीचं वाचेल, मात्र पूर्वीचा आवाज पुन्हा निघणार नाही. तसाच ठेवला तर पुढंमागं सगळंच जाईल. मी विचारलं, वैशाख उलटेपर्यंत थांबता येईल का? तो म्हणाला, "थांबणं तुमच्या हातात आहे. तो थांबणार नाही."

स्टोचं सांगतो आहे.

मी काही ठरवलं नाही. परत येताना टांगा न करता चालत आलो. वाटेत हळदीची जमिनीतली पेवं उघडलेली होती, सगळी हवा पिवळी, आणि हमाल ओरडून वजनं सांगत होते. किती सहज ओरडत होते. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ऐकत राहिलो.

अंजनाला मिरजेचं काही सांगितलेलं नाही. ती उगाच काळजी करते, स्टोची. हल्ली ती फारसं बोलत नाही. तशी ती कधीच फारसं बोलत नव्हती. माझ्यासारख्याच्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागा कुठं असणार? आणि जी थोडी होती ती तुझ्या स्टोनं व्यापली होती. तो पेटला की खोली दणाणायची. मी त्याच्यावर आवाज चढवून वर्तमानपत्र वाचायचो, आणि ती पाठमोरी बसून कालवण ढवळायची. आता दोघंही गप्प आहेत, मी आणि स्टो. खोलीत रेशनच्या ज्वारीतले खडे ताटलीत पडतात तेवढा आवाज.

शालूच्या लग्नाचं भाषण लिहून झालं आहे. इतकं चांगलं मी आजवर लिहिलेलं नाही. शपथा अगदी साध्या शब्दांत मांडल्या आहेत. माणूस कुणापुढे वाकतो यावरून त्याची जात ठरते, असं मी त्यात म्हटलं आहे. लालासाहेबांना निरोप दे की नाथाजी उभा राहील. कुणी काही म्हटलं, कुणी काही ऐकलं, तरी उभा राहील. दिलेला शब्द माझ्यापाशी एवढी एकच मालमत्ता आहे, आणि ती मला शालूला द्यायची आहे. त्यानंतर स्टोचं काय व्हायचं ते होवो.

उभाच राहणार असलेला,
तुझा नाथा

—

सांगली
रविवार, ता. १५ एप्रिल १९४५

अक्का,

तुझं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ आहे. "स्टो बघाया आरसा कशाला लागतो रं?" बाकी सगळं कार्ड कोरं. ते कोरं कार्ड वाचायला मला तुझ्या सगळ्या पत्रांहून जास्त वेळ लागला.

आरसा माझ्या घशात घातला होता. लांब दांड्याचा, रुपयाएवढा. मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं मी तुला लिहिलंच आहे. फक्त जिथं स्टो आहे तिथं मला वाच. गळ्यात गाठ आहे. काढली तर आवाज जाईल, नाही काढली तर मी. वैशाखात शालूच्या मांडवात शेवटचं बोलायचं आणि मग मिरजेला जायचं, असं मी मनात धरून होतो. तेवढं थांबलो तर काढण्यासारखं काही उरेल की नाही हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. मला ते चालणार होतं. आज हे लिहिताना लाज वाटत नाही. तू म्हणशील, बायकोचा विचार केला नाहीस. खरं आहे. मी फक्त त्या मांडवाचा विचार करत होतो.

पुढं काय झालं ते क्रमानं सांगतो.

गेल्या आठवड्यात रमजान स्वतः जिना चढून वर आला. हातात फडक्यात गुंडाळलेला बर्नर. त्याचा मेहुणा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांच्या छावणीत भाजी पुरवतो. तिथल्या एका म्हातारीचा स्टो मोडीत निघाला, त्याचं डोकं यानं मिळवलं. आपल्या स्टोवर बसवलं, काकडा पेटवला, पंप मारला. निळी ज्योत गोल उभी राहिली. आणि आवाज नाही. काहीच नाही. मला वाटलं, विझला. हात वर धरला तर चटका बसला.

रमजान हसायला लागला. "ही मुकी जात असते साहेब. बोलनार न्हाई, पर काम तेवढंच करनार." मग अंजनाकडे वळून म्हणाला, "भाबी, साहेबांच्या घरात मुका स्टो! जमंल का दोघांचं?" त्याला काही ठाऊक नव्हतं. मी मान हलवली. एव्हाना माझा नुसता फुसफुस आवाज निघतो, आणि तो मी परक्यापुढे काढत नाही. अंजनाही हसली नाही. तिनं त्याला लाडवाच्या डब्यातला शेवटचा लाडू दिला. तो तिनं माझ्यासाठी राखून ठेवला होता हे मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी छापखान्यातून लवकर परतलो. अंगात कणकण होती. भिंतीकडे तोंड करून पडलो. मला झोप लागली असं समजून अंजना स्टोपाशी बसली आणि पेज ढवळत बोलायला लागली.

आधी वाटलं, खाली अख्तरबीशी बोलते आहे. मग शब्द कानावर आले. ते माझे होते. शालूच्या लग्नाचं भाषण, पहिल्यापासून. कागद पेटीत होता, तिच्या हातात पळी होती. अक्का, ती हे त्या दिवशी पहिल्यांदा करत नव्हती. तिच्या सुरावरूनच कळत होतं की ही रोजची सवय आहे. इतकी वर्षं स्टो दणाणत असताना ती पाठमोरी बसून हेच करायची, माझी भाषणं म्हणायची. आणि तिला स्वतःलाही ती ऐकू येत नसतील. स्टो मुका झाला आणि तिचा आवाज खोलीत आला. ती सवयीनं बोलत राहिली. स्टो आता तिला झाकत नाही, हे ती विसरली.

आणि ती ते जसंच्या तसं म्हणत नव्हती. 'सज्जन हो' हे तिनं टाकून दिलं होतं. "बायांनो, गड्यांनो" म्हणत होती. मी लिहिलं आहे की पतीनं पत्नीस समान मानावं. तिथं ती थांबली. पातेल्यातली पळी थांबली. मग पेजेलाच सांगावं तसं म्हणाली, "मानायचं कशापायी? मानून घेनारा वरच बसल्याला असतोय. समान हायेत म्हन, आन् गप बस." आणि पुढच्या शपथेवर गेली.

वीस वर्षं मी ते वाक्य बोलत आलो. इचलकरंजीपासून फलटणपर्यंत टाळ्या घेतल्या. कुणी मला हे सांगितलं नाही.

मी कुशीवर वळलो तेव्हा खाट वाजली. ती गप्प झाली. मी फुसफुसलो, "पुढं म्हण." ती उठून पाणी भरायला खाली गेली.

त्यानंतर चारच दिवसांत लालासाहेब आले. गूळ विकायला पेठेत आले होते, तसेच वर चढले. फेटा, काठी, करकरणारे बूट. बसल्या बसल्या म्हणाले, "काय नाथाजीराव, पडसं अजून घेऊन बसलाय? मी खंडाळ्यात डांगोरा पिटलाय. भाषन घोटलं का न्हाई?"

मी हात वर केला, की सांगतो, थांबा. काय सांगणार होतो? तोच पडशाचा पाढा. सत्य सांगा, खरं नाव घ्या, असं गावोगाव बजावत हिंडलेला माणूस आपल्या व्याह्यापुढं पडशाच्या आड लपत होता. तोंड उघडलं, पण नीट शब्द फुटेना.

अंजना चहाचं आधण ठेवत होती. पदर सारखा केला आणि तिथूनच बोलली. "पावनं, त्यास्नी बोलायला लावू नका. पडसं न्हाई ते. गळ्यात गाठ हाय. सोमवारी मिरजंला कापायची. न्हाई कापली तर मानूस जाईल. कापली की आवाज जानार, तो परत यायचा न्हाई."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचं नाव नाही, गाठ नाही. आणि सोमवार तर मलाच ठाऊक नव्हता. माझ्या मनातल्या प्रश्नाला तिनं माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं. "तुमी पेज गिळताना डोळं मिटाया लागला तवाच वळाकलं. अख्तरबीला घेऊन मिरजंला गेलते. वार मीच ठरवून आले."

वाढला म्हणणारी ती, आणि मोडला म्हणणारा मी.

लालासाहेबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मुक्या स्टोवर नुसतं पाणी उकळत होतं. मग त्यांनी जे विचारायला नको होतं आणि विचारलंच पाहिजे होतं ते विचारलं, "मग लगीन कसं लागायचं? कोन उभं राहनार?"

"मी," अंजना म्हणाली.

तिनं चहा गाळला. त्यांना दिला, मला दिला, माझा बशीत ओतून निववला. बशीखाली चहाचं कडं पडलं. लालासाहेबांनी सगळा कप संपवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शालूचं सगळं त्या एका मिशीवर टांगलेलं होतं. ते उठले, जिन्यापर्यंत गेले आणि माघारी वळून म्हणाले, "पलटनीत बिगुलवाला पडला तर दुसऱ्यानं बिगुल उचलायचा असतो. कुनी उचलला, ते कोन इचारीत बसत न्हाई. ऐकू आला म्हंजे झालं." आणि दोन पायऱ्या उतरल्यावर, "पर बाई, लय लांबन लावू नका. थोरल्याच्या लग्नात ह्यांच्या भाषनापायी माझी आमटी आटली होती."

तेव्हा अक्का, काळजी करू नकोस. लग्न ठरल्या दिवशी, ठरलं तसंच होईल. भटजी लागणार नाही. लालासाहेबांचा शब्द आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. बाईनं उभं राहिलं पाहिजे, बाईनं बोललं पाहिजे, हे मी माझ्या तरुणपणापासून सांगत आलो. आणि माझ्याच घरातली बाई उभी राहिली तेव्हा माझ्या मनात काय आलं ते तुलाच सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही. मला हेवा वाटला. तिच्या धडधाकट गळ्याचा हेवा. संध्याकाळी ती शपथा म्हणून दाखवू लागली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, आणि या वेळी झोपेचं सोंग मुद्दाम केलं. ती पुढं म्हणत राहिली. तिला कळलं असावं. पेजेचं तिला कळलं, तर हे कळणार नाही?

आज सकाळी मात्र मी तो कागद काढला आणि 'समान मानावे' हे शब्द खोडले.

उद्या सोमवार. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तो होऊन गेलेला असेल, आणि काय झालं ते मला आज लिहिता येत नाही. अख्तरबी आमच्याबरोबर येते आहे. अंजनानं स्टो, पेजेचं पातेलं आणि रेशनच्या रॉकेलची बाटली पिशवीत भरून ठेवली आहे. दवाखान्याच्या पडवीत रांधायला परवानगी आहे म्हणते. मुका आहे, तेव्हा रोग्यांना त्रास होणार नाही.

भीती वाटते आहे. मरणाची कमी वाटते. पुढच्या आठवड्यात जागा होईन, कुणीतरी काहीतरी चुकीचं बोलेल, मी तोंड उघडीन आणि नुसता वारा सुटेल, त्याची जास्त वाटते. आज दुपारी नदीच्या घाटाकडं गेलो होतो. म्हटलं, एकदा शेवटचं मोठ्यानं काहीतरी बोलावं. पाण्यापलीकडे कुणीतरी म्हैस धूत होतं. मी आबांसारखी हाक मारली. त्या माणसानं वर पाहिलंसुद्धा नाही.

मांडवात मला बसता आलं तर पुढं बसव. येता आलं नाही तर अंजनाला तुझ्या शेजारी उभी कर. पहिल्यांदा बोलताना गुडघे कापतात. मागून कमरेला हात लागला की थांबतात. माझ्या पहिल्या सभेत तू मागं उभी होतीस.

एक राहिलं. ज्या शब्दाची मी गावोगाव टिंगल केली, तो आज मला हवा आहे. गेला, फुटला, कापला, हे सगळे खरे शब्द लिहून पाहिले. हात पुढं जाईना. तेव्हा तुझाच शब्द उसना घेतो.

माझा आवाज वाढला, अक्का. त्या शब्दाला दोन अर्थ आहेत. तुझा मी आज लिहिला. दुसरा खरा की नाही, ते तू मांडवात अंजनाकडे बघून ठरव.

यापुढं फक्त अक्षरांतला,
तुझा नाथा